नायलॉनवाला कॅरोथर्स

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी ही घरी बोलायची आणि शाळेत जेमतेम पास व्हायची भाषा होती, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या तर पोटात घाला. पानं कमी पडतायत म्हणून मराठी विभागाच्या संपादकांनी मला मेसमध्ये गाठलं. मी हो म्हटलं ते एका टी-शर्टमुळे.

झालं असं, की गेल्या जुलैमध्ये हॉस्टेलच्या आम्ही नऊजणी राजगडला गेलो होतो. गुंजवण्यातून चढायला लागलो तेव्हा नुसती भुरभुर होती. चोर दरवाजाच्या खालच्या कड्याशी पोचेपर्यंत आभाळ फाटलं. माझ्या अंगात फेस्टमध्ये मिळालेला जाड सुती टी-शर्ट, खाली जीन्स आणि वरून रस्त्यावर घेतलेला प्लास्टिकचा रेनकोट. त्या रेनकोटात असा काही घाम आला, की बाहेरून पाऊस आणि आतून मी स्वतः, दोन्हीकडून भिजले. चढताना अंगात ऊब होती. पद्मावती माचीवर थांबलो, वारा सुटला आणि ती ऊब गेली. दहा मिनिटांत दात वाजायला लागले, बिस्किटाचा पुडा फोडायला बोटं वळेनात, आणि मी काहीतरी असंबद्ध बडबडतेय असं मैत्रिणींना वाटायला लागलं. मला मात्र मी अगदी व्यवस्थित बोलतेय असंच वाटत होतं!

आमच्यातल्या एका सीनियर ताईने मला आडोशाला नेऊन तो टी-शर्ट काढायला लावला. तिच्या सॅकमधून एक पातळ, चुरगळलेला, दिसायला अगदीच फालतू टी-शर्ट काढला. तोही भिजलेलाच होता, पण तिने तो घट्ट पिळला, झटकला आणि मला घालायला दिला. त्यावर तिचं फ्लीस, त्यावर नायलॉनचं जॅकेट. अर्ध्या-पाऊण तासात मी माणसात आले.

परत आल्यावर कपडे धुताना मी लेबलं वाचली. टी-शर्ट: पॉलिएस्टर शंभर टक्के. फ्लीस: तेच. जॅकेट: नायलॉन. फर्स्ट इयरला इंजिनिअरिंग केमिस्ट्रीत नायलॉन ६,६ ची रिअ‍ॅक्शन पाच मार्कांसाठी पाठ केलेली होती, तेवढी आठवली. आणि तिथेच कुठेतरी ओझरतं वाचलेलं एक नाव, कॅरोथर्स. सबमिशनच्या आठवड्यात माणसाला सबमिशन सोडून काहीही वाचायला आवडतं, तशी मी लायब्ररीत बसून हा माणूस वाचून काढला. वाचल्यावर दोन दिवस नीट झोप लागली नाही. का ते पुढे येईल.

वॉलेस ह्यूम कॅरोथर्स. जन्म २७ एप्रिल १८९६, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं बर्लिंग्टन. चार भावंडांत थोरला. वडील डे मॉइन शहरातल्या एका कमर्शियल कॉलेजात शिकवायचे, म्हणजे हिशेब, चोपड्या, सेक्रेटरीची कामं वगैरे. मुलगाही आधी तेच शिकला. आज केमिकलची मुलं ज्याच्या नावाचं समीकरण पाठ करतात तो माणूस मुळात अकाउंटन्सी शिकलेला होता! १९१५ मध्ये तो कोर्स संपवून तो मिसुरी राज्यातल्या टार्किओ नावाच्या लहानशा कॉलेजात गेला. खर्च भागवायला तिथल्या कॉमर्स विभागात मदतनीस म्हणून काम करायचा. पुढे केमिस्ट्रीचे सर नोकरी सोडून गेले, तेव्हा कॉलेजने विद्यार्थी असलेल्या कॅरोथर्सलाच केमिस्ट्री शिकवायला उभं केलं. (आमच्याकडे सर रजेवर गेले की आम्ही कॅन्टीनला जातो. असो.) बी.एस. व्हायला १९२० उजाडलं, तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. म्हणजे इयर डाऊनवाल्यांनी जीवाला फार लावून घेऊ नये.

पुढची गाडी मात्र सुसाट. इलिनॉय युनिव्हर्सिटीतून १९२१ मध्ये मास्टर्स, मग साउथ डकोटात एक वर्ष शिकवणं, परत इलिनॉयला येऊन १९२४ मध्ये रॉजर अ‍ॅडम्स यांच्या हाताखाली पीएच.डी. १९२६ मध्ये थेट हार्वर्ड. पण तिथे त्याला शिकवण्यात रस वाटेना. अबोल, लाजाळू माणूस, वर्गासमोर उभं राहायचं म्हणजे शिक्षा. एकट्याने बसून विचार करायला दिला की खूश. गाणं, पुस्तकं आणि प्रयोगशाळा, एवढंच त्याचं जग.

त्याच सुमाराला ड्यू पाँट कंपनीत चार्ल्स स्टाइन नावाच्या साहेबाच्या डोक्यात एक वेगळीच कल्पना होती. कंपनीने असं संशोधन करावं ज्यातून काय विकता येईल हे आधी विचारायचंच नाही, फक्त शुद्ध विज्ञान. कंपनीतले लोक त्या नव्या प्रयोगशाळेला चेष्टेने शुद्धतेचा महाल म्हणायचे. स्टाइनला तिथे ऑर्गॅनिक केमिस्ट्रीसाठी माणूस हवा होता आणि नाव सुचवलं गेलं कॅरोथर्सचं. त्याने आधी नकार दिला. नकाराचं कारण त्याने कंपनीला चक्क लिहून कळवलं. आपल्याला मनाच्या आजाराचे झटके येतात, त्या दिवसांत आपल्याकडून काम होत नाही, आणि कॉलेजात हे चालून जातं तसं कंपनीत चालणार नाही, अशा अर्थाचं ते पत्र होतं. विचार करा, १९२७ साल! आज प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूत वीकनेस विचारला की आपण सगळे मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे असं तोंडपाठ उत्तर देतो. याने खरं सांगितलं. कंपनीचा माणूस समजूत घालायला हार्वर्डला गेला, पगार जवळपास दुप्पट झाला आणि फेब्रुवारी १९२८ मध्ये कॅरोथर्स विल्मिंग्टनला रुजू झाला.

आता थोडं केमिस्ट्री, पण घाबरू नका, यात डेरिव्हेशन नाही.

त्या काळी रबर, रेशीम, कापूस हे पदार्थ आतून कसे असतात यावर मोठं भांडण चालू होतं. बऱ्याच शास्त्रज्ञांचं म्हणणं, की हे लहान लहान रेणूंचे पुंजके आहेत, कुठल्यातरी गूढ ओढीने एकत्र राहिलेले. जर्मनीतले हर्मन स्टाउडिंगर म्हणत होते, की नाही, हे खरोखरच हजारो अणूंच्या लांबलचक साखळ्या असलेले एकसंध रेणू आहेत. कॅरोथर्सने ठरवलं, वाद घालत बसायचं नाही, साखळी बांधूनच दाखवायची. आणि तीही ओळखीच्या, साध्या, पुस्तकातल्या रिअ‍ॅक्शनने. अ‍ॅसिड आणि अल्कोहोल एकत्र आले की एस्टर तयार होतं आणि पाणी बाहेर पडतं, हे आपण बारावीत शिकतो. ज्या रेणूच्या दोन्ही टोकांना अ‍ॅसिड आहे तो आणि ज्याच्या दोन्ही टोकांना अल्कोहोल आहे तो एकमेकांना भेटले, तर हातात हात धरून रांग लांबतच जाईल. हीच पॉलिएस्टर.

इथे त्याने ते समीकरण मांडलं ज्याला आज कॅरोथर्स समीकरण म्हणतात. एक भागिले (एक वजा किती टक्के हात जुळले). हे एकदा करून बघाच. ९० टक्के हात जुळले तर साखळीत सरासरी कड्या फक्त १०. ९५ टक्के, तर २०. ९९ टक्के, तर १००. म्हणजे आपल्याला जिथे डिस्टिंक्शन मिळालं असतं तिथे साखळीची अजून दोरीसुद्धा झालेली नाही, नुसता भुसभुशीत मेणासारखा पदार्थ आहे. खरा धागा हवा असेल तर ९९ च्याही पुढे जायला हवं. आणि अडवत होतं कोण? पाणी. प्रत्येक कडी जुळताना पाण्याचा एक रेणू सुटतो, आणि तोच मागे फिरून जुळलेली कडी परत तोडतो. म्हणून कॅरोथर्सने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक वेगळंच ऊर्ध्वपातन यंत्र वापरलं. जवळजवळ निर्वात पोकळी, आणि तापलेल्या पदार्थाच्या अगदी जवळ एक थंड पृष्ठभाग. पाण्याची वाफ सुटली रे सुटली की थंड भागावर गोठून अडकायची, मागे फिरायची सोयच नाही. वाफ बाहेर, साखळी आत. राजगडावर माझ्या प्लास्टिकच्या रेनकोटात नेमकी याच्या उलट परिस्थिती होती.

एप्रिल १९३० मध्ये दोन गोष्टी एकाच महिन्यात घडल्या. त्याच्या गटातल्या अर्नोल्ड कॉलिन्सला एक रबरासारखा पदार्थ मिळाला, टाकला की उसळी घेणारा. तो पुढे निओप्रीन म्हणून बाजारात आला, पाणबुडे घालतात ते काळे सूट त्याचेच. आणि ज्युलियन हिलने त्या ऊर्ध्वपातन यंत्रातून काढलेल्या पॉलिएस्टरमध्ये काचेची कांडी बुडवून वर ओढली, तर पदार्थ तुटला नाही, बारीक तार बनून ओढला गेला. थंड झालेली तार हाताने ताणली तर आधीच्या कितीतरी पट लांब झाली आणि तुटण्याऐवजी उलट मजबूत आणि चमकदार झाली. कारण ताणल्यावर आतल्या गुंतलेल्या साखळ्या एका दिशेत सरळ होतात, केस विंचरल्यासारख्या. प्रयोगशाळेतली मंडळी ती तार ताणत व्हरांड्यात पळत सुटली होती असं सांगतात. माणसाने बनवलेला, सरळ रेणूपासून बांधलेला तो पहिला मजबूत धागा. स्टाउडिंगर बरोबर होते हे सिद्ध झालं.

पण कापड म्हणून तो धागा कुचकामी होता. गरम पाण्यात टाकला की मऊ पडायचा, इस्त्री तर लांबच राहिली. शंभर अंशांच्या आतच वितळणाऱ्या धाग्याची पँट कोण घालणार? कॅरोथर्सने पॉलिएस्टर बाजूला ठेवली. हे लक्षात ठेवा.

यानंतरची वर्षं अवघड आहेत. जगात मंदी आली. स्टाइन वरच्या पदावर गेले आणि त्यांच्या जागी एल्मर बोल्टन आले. त्यांचं म्हणणं, शुद्ध विज्ञान पुरे, आता विकता येईल असं काहीतरी दाखवा. आणि कॅरोथर्सचे ते झटके वाढत चालले. दारू वाढली. १९३४ च्या उन्हाळ्यात तो कुणालाही न सांगता गायब झाला. सापडला तो बाल्टिमोरजवळच्या एका मानसोपचाराच्या ठिकाणी. बरं, काम थांबलं होतं का? अजिबात नाही. त्याच वर्षी पॉल फ्लोरी नावाचा चोवीस वर्षांचा पोरगा त्याच्या हाताखाली आला, ज्याला पुढे १९७४ मध्ये नोबेल मिळालं. त्याच वर्षी मेमध्ये डोनाल्ड कॉफमनने एस्टरऐवजी अमाइड वापरून पहिला कामाचा धागा ओढला. आणि २८ फेब्रुवारी १९३५ ला जेरार्ड बर्शेने सहा कार्बनचं डायअमाइन आणि सहा कार्बनचं अ‍ॅसिड जोडून ते बनवलं जे आपण पाच मार्कांना लिहितो. नायलॉन ६,६. (स्वतः कॅरोथर्सची पसंती ५,१० ला होती. बोल्टननी ६,६ धरलं, कारण दोन्ही कच्चे माल बेंझीनपासून स्वस्तात बनवता येतील असा त्यांचा हिशेब होता. मॅनेजमेंट कधीकधी बरोबर असते!)

एस्टर आणि अमाइड यात फरक काय? अमाइडच्या गटातला हायड्रोजन शेजारच्या साखळीतल्या ऑक्सिजनला धरून ठेवतो. म्हणजे साखळ्या नुसत्या शेजारी शेजारी पडलेल्या नाहीत, एकमेकींचे हात धरून बसल्या आहेत. म्हणून नायलॉन २६० अंशांच्या वर वितळतं आणि घासलं, ओढलं तरी सहज फाटत नाही. करवंदाच्या जाळीत अडकूनही ताईचं जॅकेट फाटलं नाही ते यामुळे.

आता १९३६. हे एकच वर्ष नीट बघा. फेब्रुवारीत कॅरोथर्सचं हेलन स्वीटमनशी लग्न झालं. ती त्याच कंपनीच्या पेटंट विभागात होती. एप्रिलमध्ये अमेरिकेच्या नॅशनल अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसवर त्याची निवड झाली. कंपनीत काम करणाऱ्या ऑर्गॅनिक केमिस्टला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. आणि जूनमध्ये तो फिलाडेल्फियाच्या मानसोपचार रुग्णालयात दाखल झाला. आपण संपलो, आता नवीन काही सुचणार नाही, आतापर्यंत केलं तेही काही खास नाही, हा विचार त्याच्या डोक्यातून जाईना. ज्याच्या नावावर पन्नासहून जास्त पेटंटं आहेत तो हे म्हणत होता.

इथे मला थोडं स्वतःचं सांगायचं आहे. थर्ड सेमला माझे दोन विषय राहिले. पंधरा-वीस दिवस मी मेसमध्ये सगळ्यांबरोबर हसायचे, जोक मारायचे, आणि रूमवर येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. कुणालाही कळलं नाही. माझ्या रूममेटला कळलं, तेही कशावरून, तर मी चार दिवस केस विंचरले नव्हते. ती काही बोलली नाही, फक्त माझी बादली भरून ठेवायला लागली. माझं आणि कॅरोथर्सचं दुखणं एक नव्हे हे मला कळतं. त्याचा आजार होता, दोन विषय राहिल्याचं दुःख नव्हतं. पण अ‍ॅकॅडमीच्या यादीत नाव आलेला माणूस दोन महिन्यांत रुग्णालयात कसा, हे वाचताना मला आश्चर्य वाटलं नाही, एवढंच.

मग डॉक्टरांनी आणि मित्रांनी ठरवलं, की याला डोंगरात पाठवू. आणि जुलै १९३६ मध्ये कॅरोथर्स आल्प्समध्ये, टिरोलच्या डोंगरात ट्रेकिंगला गेला! सोबत त्याचे जुने गुरू रॉजर अ‍ॅडम्स आणि आणखी एक मित्र. दोन आठवडे ते रोज चालले. ते दोघे परतले, पण कॅरोथर्स एकटाच पुढे चालत राहिला. बायकोलाही काही कळवलं नाही. ती मित्रांना विचारत राहिली. सप्टेंबरच्या मध्यावर तो अचानक विल्मिंग्टनला तिच्या ऑफिसात तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

हे वाचलं आणि माझ्या डोळ्यांसमोर पहिला प्रश्न काय आला सांगू? त्याच्या अंगात काय होतं? ट्रेकर आहे ना मी, त्यामुळे हसू नका. १९३६ मध्ये डोंगरात जाणारे लोक लोकर, सुती आणि फार तर घट्ट विणलेलं गॅबर्डीन घालत. १९२४ मध्ये एव्हरेस्टवर गेलेल्या मॅलरीच्या अंगावरही रेशीम, सुती, लोकर आणि गॅबर्डीन असे थरच होते. लोकर तशी हुशार असते. ती वाफ धाग्याच्या आत ओढून घेते, आणि तिच्या कुरळेपणामुळे मधे अडकलेली हवा ओली झाल्यावरही बरीच टिकते. थंडीत खरं पांघरूण हवेचंच असतं, कापड फक्त ती हवा धरून ठेवतं. सुती कापड तसं नाही. कापसाच्या धाग्याला पाणी प्रिय, तो पाणी आत पिऊन घेतो, फुगतो, अंगाला चिकटतो आणि हवेच्या जागा पाण्याने भरतात. पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. मी राजगडावर अंगातली ऊब टी-शर्टमार्फत वाऱ्याला फुकट वाटत होते. पुण्याच्या उन्हात सुतीसारखं सुख नाही, पण ओल्या वाऱ्यात तेच सुती कापड वैरी होतं. आणि ज्या माणसाच्या प्रयोगशाळेत याचं उत्तर तयार होऊन पडलं होतं तो माणूस त्या डोंगरांत आठवडेच्या आठवडे एकटा चालत होता. त्याच्या अंगावर त्यातला एकही धागा नव्हता, कारण तो अजून कुठल्याच दुकानात आला नव्हता.

जानेवारी १९३७ मध्ये त्याची लाडकी बहीण इझोबेल न्यूमोनियाने गेली. तो त्यातून सावरला नाही. २९ एप्रिल १९३७ रोजी, एक्केचाळिसाव्या वाढदिवसानंतर दोन दिवसांनी, फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलच्या खोलीत त्याने आपलं आयुष्य संपवलं. हेलन तेव्हा गरोदर होती. त्यांची मुलगी जेन नोव्हेंबर १९३७ मध्ये जन्मली.

मला झोप लागली नाही ती इथे.

नायलॉनची जाहीर घोषणा झाली २७ ऑक्टोबर १९३८ ला, म्हणजे दीड वर्षाने. आधी दात घासायच्या ब्रशचे केस, मग १५ मे १९४० ला अमेरिकाभर नायलॉनचे पायमोजे विकायला आले आणि दुकानांसमोर रांगा लागल्या. लगेच युद्ध, आणि सगळं नायलॉन पॅराशूट, दोर, तंबू यांत गेलं. १९५३ मध्ये तेनझिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर गेले तेव्हा त्यांचे वाऱ्यापासून वाचवणारे बाहेरचे कपडे सुती आणि नायलॉन एकत्र विणलेल्या कापडाचे होते. मॅलरीनंतर २९ वर्षांत एवढा फरक पडला होता.

पण मी लक्षात ठेवा म्हटलं होतं ती पॉलिएस्टर कुठे गेली? तर इंग्लंडमध्ये मँचेस्टरला व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी १९४१ मध्ये कॅरोथर्सचंच काम पुढे नेलं. त्याने वापरलेली अ‍ॅसिडं सरळ, लवचीक साखळीची होती. यांनी टेरेफ्थॅलिक अ‍ॅसिड घेतलं, ज्यात मधे बेंझीनचं कडक कडं असतं. साखळीला कणा मिळाला आणि वितळण्याचा अंक एकदम २५० अंशांच्या पुढे गेला. ही टेरिलीन. आपल्या आई-बाबांच्या लग्नाच्या फोटोंत दिसणारे न चुरगळणारे टेरिकॉट शर्ट याच घराण्यातले. पाण्याची बाटलीसुद्धा याचीच, म्हणून तर जुन्या बाटल्या वितळवून फ्लीस बनवता येतं.

आणि ट्रेकिंगला ही पॉलिएस्टर का चालते? कापूस साध्या दमट हवेतही स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी धरून असतो, नायलॉन ४ टक्के, आणि पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. पाणी धाग्याच्या आत शिरतच नाही, फक्त धाग्यांच्या मधल्या फटींत राहतं. म्हणून पिळलं की निघून जातं. ताईने पिळून दिलेला टी-शर्ट मला गार लागला नाही त्याचं उत्तर हे. शिवाय त्या बारीक फटींतून घाम केशाकर्षणाने अंगापासून बाहेरच्या बाजूला पसरतो आणि तिथून उडून जातो. वरच्या फ्लीसमध्ये पॉलिएस्टरचे धागे ब्रशने पिंजून उभे केलेले असतात, मधे भरपूर हवा. ओलं झालं तरी धागे पाणी पिऊन लोळागोळा होत नाहीत, हवा राहते.

राहिलं जॅकेट. पाऊस आत नको पण घामाची वाफ बाहेर जायला हवी, हे कोडं सुटलं टेफ्लॉनने. टेफ्लॉन १९३८ मध्ये ड्यू पाँटमध्येच रॉय प्लंकेटला अपघाताने सापडलं. ड्यू पाँटमध्ये सतरा वर्षं काढलेल्या बिल गोर यांनी पुढे स्वतःची कंपनी काढली. त्यांचा मुलगा बॉब १९६९ मध्ये टेफ्लॉनच्या तापवलेल्या कांड्या हळूहळू ताणत होता आणि त्या तुटत होत्या. वैतागून त्याने एक झटका दिला, तर कांडी तुटायच्या ऐवजी हातभर लांब झाली, आतून लाखो सूक्ष्म छिद्रांची जाळी होऊन. या छिद्रातून पाण्याचा थेंब जाऊ शकत नाही, वाफेचा सुटा रेणू आरामात जातो. ही पातळ जाळी नायलॉनच्या कापडाला चिकटवली की महागडं जॅकेट तयार. माझ्यासारखीला परवडत नाही. एक गंमत सांगते, म्हणजे न घेतल्याचं दुःख कमी होईल. वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातल्या फरकामुळे. त्वचेजवळ ३३ अंशांना हवा पूर्ण दमट असेल तर बाष्पदाब ५ किलोपास्कल. हिमालयात बर्फात शून्य अंशाला बाहेर जेमतेम ०.६. भरपूर फरक, वाफ पळत सुटते. सह्याद्रीत जुलैमध्ये २२ अंश आणि हवा पाण्याने भरलेली, बाहेर २.६. ढकलणारा जोर जवळपास निम्म्यावर येतो. म्हणजे जॅकेट कितीही भारी असो, चोर दरवाजाच्या चढाला घाम येणारच. चढताना चेन उघडी ठेवावी हे बेस्ट.

पॉलिएस्टरचा एक दोषही सांगायला हवा, नाहीतर हॉस्टेलवाले मला धरून मारतील. तिला पाणी आवडत नाही, पण अंगाचं तेल फार आवडतं. ते धरून ठेवते, त्यावर जंतू वाढतात, आणि दोन दिवस घातलेला टी-शर्ट रूममध्ये कुठे आहे ते अंधारातही कळतं. धुताना तिचे बारीक तुकडे पाण्याबरोबर वाहून नदीत जातात, हा वेगळा आणि मोठा विषय.

ताईचा टी-शर्ट मी दोनदा धुतला. हॉस्टेलच्या दोरीवर रात्री टाकला, सकाळी लेक्चरला जायच्या आधी खडखडीत वाळलेला होता. शेजारी माझी जीन्स होती, ती चौथ्या दिवशी वाळली, आणि तोवर तिला बुरशीचा वास सुटला होता.